अनाहूत पुरवण्या आणि संमतीची भाषा

संगणकावर एक प्रोग्रॅम बसवावा आणि त्याच्या आडून दुसराच एखादा ब्राउझरमध्ये येऊन ठाण मांडून बसावा, हा अनुभव गेल्या वीस-पंचवीस वर्षांत संगणक वापरणाऱ्या पुष्कळांस आलेला आहे. ब्राउझरच्या माथ्यावर अपरिचित पट्टी दिसू लागते, शोधाचे पान बदललेले असते, न मागितलेल्या जाहिराती वाचनाच्या मजकुरात मिसळतात. हे कोणी बसविले अशी विचारणा केली असता उत्तर बहुधा ठरलेले असते : 'आपोआप आले.' संगणकतज्ज्ञांनी या उपद्रवाचा तांत्रिक विचार पुष्कळ केला आहे व त्याचे फळही बऱ्याच अंशी मिळाले आहे. परंतु उपद्रवाच्या मुळाशी एक भाषिक व्यवहार आहे. परवानगी मागणे आणि परवानगी देणे हा तो व्यवहार होय. तो नेमका कोठे मोडतो हे पाहिल्यावाचून तांत्रिक उपायांचे मर्म ध्यानात येत नाही. त्या दृष्टीने या प्रश्नाची मांडणी येथे करावयाची आहे.

प्रथम संज्ञांचा खुलासा केला पाहिजे. प्लगइन आणि एक्स्टेंशन या दोन वस्तू मुळात भिन्न आहेत. प्लगइन हा ब्राउझरबाहेरचा स्वतंत्र प्रोग्रॅम असे. पानातील एक जागा ब्राउझरने त्याच्या स्वाधीन केली की तेथे तो आपल्या बळावर चाले. जावा आणि फ्लॅश ही त्याची सर्वपरिचित उदाहरणे. क्रोमने २०१५ मध्ये जुन्या पद्धतीच्या प्लगइनांचा आधार काढून घेतला. फायरफॉक्सने २०१७ मध्ये फ्लॅशचा अपवाद करून तेच केले. आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशही संपुष्टात आले. एक्स्टेंशन मात्र ब्राउझरच्या आत, ब्राउझरने देऊ केलेल्या अधिकारांच्या मर्यादेत चालते, आणि आज प्रचारात आहे ते हेच. लोकव्यवहारात दोहोंसही प्लगइन म्हणण्याची रूढी असल्यामुळे येथे दोहोंस मिळून 'पुरवणी' हा शब्द योजला आहे.

पुरवणीचे अधिकार मर्यादित असतात असे म्हटले, तरी ती मर्यादा फार विस्तृत असू शकते. सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याचा व बदलण्याचा अधिकार अनेक पुरवण्या मागतात. हा अधिकार मिळालेली पुरवणी पानावर टंकलेला गुप्तशब्द वाचू शकते, अर्जातील खातेक्रमांक बदलू शकते, शोधाचे निष्कर्ष हवे तसे मांडू शकते. ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यामध्ये माहिती सांकेतिक रूपात वाहते, हे खरे. परंतु पुरवणी ब्राउझरच्या आत बसलेली असते आणि तेथे ती माहिती उलगडलेल्या रूपातच असते. म्हणून केवळ जाहिरातींचा त्रास एवढ्यावरच या प्रश्नाची इयत्ता ठरविता येत नाही.

ही इयत्ता एका गावाच्या संदर्भात पाहणे उपयुक्त ठरेल. चकलांबा हे बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील गाव. अशा गावी संगणक ही बहुधा घरोघरची वस्तू नसते. सातबाराचा उतारा, उत्पन्नाचा वा जातीचा दाखला, पीकविम्याचा अर्ज, महाविद्यालयीन प्रवेशाचा अर्ज, ही कामे सेवाकेंद्रावरील वा खाजगी दुकानातील एकाच यंत्रावर, एकाच चालकाच्या हातून होतात. शहरातील व्यक्तीच्या ब्राउझरमध्ये अनाहूत पुरवणी शिरली तर एका कुटुंबाची माहिती उघडी पडते; येथे शिरली तर दिवसभरात त्या यंत्रापुढे आलेल्या प्रत्येकाचा आधार क्रमांक व बँकखाते तिच्या दृष्टीपुढून जाते. बीड जिल्ह्यातून दर वर्षी मोठ्या संख्येने कुटुंबे ऊसतोडणीसाठी बाहेर पडतात. वर्षातील कित्येक महिने गावाबाहेर राहणाऱ्या अशा कुटुंबास शासकीय साहाय्य मिळते ते या दोन क्रमांकांच्या आधारावर. आणि यातील लक्षणीय गोष्ट अशी की, ज्याची माहिती जाते त्याने कोणतेच बटण दाबलेले नसते. परवानगी दिली असलीच, तर ती चालकाने, आणि तीही नकळत.

आता 'आपोआप आले' या उत्तराकडे वळू. मराठी क्रियापदांच्या रचनेत कर्तृत्वाच्या पायऱ्या स्पष्ट दाखविता येतात. 'टूलबार बसला' या वाक्यात क्रिया घडली एवढेच कळते, ती घडविणारा दिसत नाही. 'टूलबार बसविला' म्हणताच प्रयोजक रूपामुळे बसविणाऱ्याची अपेक्षा उत्पन्न होते. 'टूलबार बसवून घेतला' या संयुक्त क्रियापदाने ती क्रिया करविणाऱ्याच्या इच्छेने व हितासाठी झाली असे सूचित होते. आणि 'टूलबार बसू दिला' या रचनेत बसणारा व बसू देणारा असे दोन निराळे पक्ष मानावेच लागतात. परवानगीचा अर्थ व्याकरणाच्याच अंगाने व्यक्त करणारी या चौघांतील रचना ही एकच. पाणिनीने कर्त्याचे लक्षण स्वातंत्र्य हे सांगितले आहे. बसू देणारा स्वतंत्र नसेल, म्हणजे 'बसू देत नाही' असे म्हणण्याची सोय त्याला नसेल, तर 'बसू दिला' हे विधान खोटे ठरते. पुरवणी घुसविणाऱ्याचा सारा प्रयत्न असा असतो की, वापरणाऱ्याने 'बसला' म्हणावे आणि कागदोपत्री मात्र 'त्याने बसवून घेतला' असे दिसावे. या दोन वाक्यांतील अंतर हाच प्रस्तुत प्रश्नाचा गाभा होय.

हे अंतर कसे निर्माण केले जाते याची सुपरिचित उदाहरणे आहेत. २००९ च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टच्या डॉट-नेट या प्रणालीच्या सुधारित आवृत्तीबरोबर फायरफॉक्समध्ये एक पुरवणी बसविली गेली. तिच्याविषयी विचारणा झाली नव्हती, आणि ती काढून टाकण्याचे बटण दिसत असले तरी ते निष्क्रिय होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात, सुरक्षिततेतील त्रुटी उघड झाल्यावर, मोझिलाने ती काही काळ रोखून धरली. येथे परवानगीचा प्रश्नच विचारला गेला नाही. दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. जावाच्या संचाबरोबर आस्क या शोधसेवेचा टूलबार कित्येक वर्षे येत असे. तो हवा का, हा प्रश्न पडद्यावर असे. पण चौकटीत होकाराची खूण आधीच केलेली असे. वापरणारा 'पुढे' म्हणत गेला की टूलबार बसे. ई-निविदा भरताना डिजिटल स्वाक्षरीसाठी जावा आवश्यक असल्याच्या काळात महाराष्ट्रातील कित्येक कार्यालयांनी व ठेकेदारांनी तो संच घेतला. त्यांना हवी होती ती स्वाक्षरीची सोय. टूलबारचा त्यांच्या कामाशी काही संबंध नव्हता. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संरक्षक प्रणालीने आस्कच्या टूलबारच्या जुन्या आवृत्त्या अनिष्ट ठरविल्या.

मराठी लिहिणाऱ्यांच्या वाट्याला या धोक्याचा एक विशेष प्रकार आलेला आहे. मराठी टंकलेखनासाठी काहीतरी निराळे 'उतरवून घ्यावे' लागते, ही समजूत युनिकोडपूर्व काळातील फॉन्टांच्या गोंधळातून रुजली. गूगलचे विंडोजवर स्वतंत्रपणे चालणारे लेखनसाधन अधिकृत स्थळावरून नाहीसे झाल्यावर त्याच नावाचे संच तिऱ्हाईत स्थळांवर शोधण्याची प्रवृत्ती वाढली, आणि तिऱ्हाईत स्थळावरील संच म्हणजे पुरवण्या घुसविण्याचा राजमार्गच होय. वस्तुतः इन्स्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये फार पूर्वीपासून अंतर्भूत आहे, आणि २०१९ च्या मे महिन्यातील सुधारणेपासून विंडोज १० मध्ये उच्चारानुसारी मराठी कळफलकही मिळतो. बाहेरून काही आणण्याचे कारण उरलेले नाही. गरज संपली, समजूत मात्र राहिली, असा हा प्रकार आहे.

या सर्व उदाहरणांत परवानगीची उक्ती कोणत्या कारणाने निष्फळ ठरते? जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये दिलेल्या आणि १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत असे दाखवून दिले की, काही उक्ती केवळ वर्णन करीत नाहीत, त्या कृतीच असतात. वचन देणे, पैज लावणे, नाव ठेवणे या अशा उक्ती. त्या खऱ्या वा खोट्या नसतात. त्या सफल किंवा निष्फळ होतात. योग्य व्यक्तीने, योग्य प्रसंगी, मान्य रीतीने उच्चार केला तरच कृती घडते. परवानगी ही याच वर्गातील उक्ती आहे. आधीच खूण केलेल्या चौकटीत उच्चारच झालेला नसतो. तो दुसऱ्याने वापरणाऱ्याच्या वतीने करून ठेवलेला असतो. सेवाकेंद्रावर उच्चार होतो, परंतु ज्याचा अधिकार आहे ती व्यक्ती तो करीत नाही. इंग्रजी करारपत्राखालील 'मान्य' हे बटण दाबले जाते तेव्हा व्यक्ती योग्य असते, उच्चारही होतो, पण उक्तीचा विषयच तिला ठाऊक नसतो.

या तिसऱ्या अवस्थेची मराठवाड्यास जुनी ओळख आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. कारभाराची भाषा उर्दू आणि शेतकऱ्याची भाषा मराठी, अशी ती स्थिती होती. न वाचता येणाऱ्या कागदावर 'निशाणी डावा अंगठा' उठविला जाई. पण दस्तलेखनाच्या रीतीनेच या दोषावर एक उतारा शोधला होता. मजकूर वाचून दाखविला व समजावून दिला, असा उल्लेख दस्तात करण्याची रूढी होती. ती कितपत प्रामाणिकपणे पाळली जाई हा प्रश्न निराळा. समजल्यावाचून अंगठ्यास अर्थ नाही हे तत्त्व तरी तीत मान्य केलेले होते. पडद्यावरील बटणाने अंगठा घेतला, वाचून दाखविणारा मात्र वगळला. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या तेराव्या कलमानुसार दोन व्यक्ती एकाच गोष्टीस एकाच अर्थाने मान्यता देतात तेव्हा संमती होते. 'एकाच अर्थाने' ही अट भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने लिहिली असती तरी याहून नेमकी झाली नसती.

शब्दांच्या निवडीनेही संमती फिरविता येते. 'नको' आणि 'रद्द करा' हे नकाराचेच दोन शब्द. पण 'नको' ने देऊ केलेली वस्तू नाकारली जाते, तर 'रद्द करा' ने चालू असलेले सारे काम थांबण्याचा बोध होतो. पुरवणीची विचारणा ज्या चौकटीत आहे तेथे 'रद्द करा' असे बटण ठेवले की, मूळ प्रोग्रॅमच बसणार नाही या भीतीने मनुष्य 'पुढे' म्हणतो. 'शिफारस केलेली पद्धत' आणि 'स्वतः निवडण्याची पद्धत' असे दोन पर्याय पुढे आले की पहिला सुरक्षित वाटतो. वस्तुस्थिती पुष्कळदा उलट असते, कारण पुरवण्यांची यादी दुसऱ्या पर्यायातच उघड होते.

'मौनं संमतिलक्षणम्' या वचनाचा आधार घेऊन चालणारा हा व्यवहार ब्राउझर निर्मात्यांनी क्रमाक्रमाने उलटा केला. २०११ च्या नोव्हेंबरात निघालेल्या फायरफॉक्सच्या आठव्या आवृत्तीत बाहेरच्या प्रोग्रॅमने आणून ठेवलेली पुरवणी प्रथम निष्क्रिय ठेवण्यात येऊ लागली; वापरणाऱ्याने स्पष्ट होकार दिला तरच ती चालू होई. २०१३ मध्ये क्रोमच्या पंचविसाव्या आवृत्तीने विंडोजवर तेच धोरण स्वीकारले. त्यापूर्वी विंडोजच्या नोंदवहीत एक नोंद केली की पुरवणी मुकाट्याने बसत असे. २०१४ मध्ये, विंडोजवर, क्रोमच्या अधिकृत भांडारात असलेल्याच पुरवण्या सर्वसाधारण वापरणाऱ्यास बसविता येतील असा निर्बंध आला. २०१६ पासून फायरफॉक्सच्या नेहमीच्या आवृत्तीत मोझिलाची स्वाक्षरी नसलेली पुरवणी चालेनाशी झाली, आणि २०२० च्या मार्चमधील चौऱ्याहत्तराव्या आवृत्तीने बाहेरून फाईल आणून ठेवण्याचा मार्गच बंद केला. या सर्व बदलांचे सूत्र एकच आहे : मौनाचा अर्थ 'हो' असा होता, तो 'नाही' असा करण्यात आला.

कायद्याची वाटचालही याच दिशेने झालेली दिसते. युरोपीय संघाच्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी, कुकीविषयक एका प्रकरणात, आधीच खूण केलेली चौकट ही संमती नव्हे असा निर्णय दिला. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या त्रेचाळिसाव्या कलमाने संगणकाच्या मालकाच्या वा त्याचा ताबा असणाऱ्याच्या परवानगीवाचून त्यात दूषित प्रोग्रॅम घालणे हे नुकसानभरपाईस पात्र कृत्य ठरविले आहे. तेच अप्रामाणिकपणे केल्यास सहासष्टाव्या कलमाने शिक्षा सांगितली आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकास फसविणाऱ्या तेरा रचना गणल्या असून जबरदस्तीची कृती, फसवा प्रश्न व घातक प्रोग्रॅम यांचा त्यांत समावेश आहे.

परंतु चकलांब्याच्या अर्जदाराच्या दृष्टीने २००० च्या अधिनियमात एक उणीव राहते. तो यंत्राचा मालकही नसतो आणि ताबेदारही नसतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने संमतीचा केंद्रबिंदू यंत्रावरून माहितीकडे नेला. ज्याची माहिती, त्याची संमती. आणि ती मुक्त, विशिष्ट, समजून दिलेली, बिनशर्त, निःसंदिग्ध व स्पष्ट कृतीने व्यक्त झालेली असली पाहिजे. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय दिला पाहिजे, असेही त्यात म्हटले आहे, अर्थात मराठीतही. या अधिनियमाचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात अधिसूचित झाले आणि संमतीविषयक मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी अंमलात आणण्याचे ठरले. वाचून दाखविण्याची जुनी रीत अशा प्रकारे निराळ्या रूपाने कायद्यात परत आली आहे.

प्रत्यक्ष प्रतिबंध कसा करावा, याचे उत्तर वरील विवेचनातूनच निघते. जेथे एकाने दुसऱ्यांच्या वतीने यंत्र चालवावयाचे आहे, तेथे यंत्रच 'नाही' म्हणावयास शिकविले पाहिजे. पहिली गोष्ट अशी की, दैनंदिन काम प्रशासकाच्या खात्यावरून करू नये. साध्या खात्यावरून संपूर्ण यंत्रावर परिणाम करणारा संच बसविताना प्रशासकाचा गुप्तशब्द लागतो, आणि तेथे मौन पुरत नाही. दुसरी गोष्ट ब्राउझरच्या धोरणाची. क्रोममध्ये पुरवण्यांच्या निषिद्ध यादीत केवळ एक तारांकित खूण लिहिली असता सर्व पुरवण्या निषिद्ध होतात. मग अनुमत यादीत ज्यांची खरोखर गरज आहे तेवढ्यांचीच ओळखचिन्हे नोंदवावीत. फायरफॉक्समध्येही धोरणाच्या फाईलने हेच साधते. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत वा सेवाकेंद्रावर हा उपाय सर्वांत परिणामकारक होय. तिसरी गोष्ट, संभाव्य अनिष्ट प्रोग्रॅम रोखण्याची विंडोजमधील सोय चालू असल्याची खात्री करावी. चौथी, सामाईक यंत्राच्या ब्राउझरमध्ये वैयक्तिक खात्याचे समकालन चालू करू नये, कारण एका यंत्रावरील पुरवणी त्या वाटेने दुसऱ्यावर पोहोचते.

शिरलेली पुरवणी काढताना क्रमास महत्त्व आहे. पुरवणी काढूनही ती परत येत असेल तर तिला आणणारा प्रोग्रॅम संगणकावर अन्यत्र आहे असे समजावे. आधी तो काढावा, नंतर पुरवणी, आणि शेवटी शोधाचे पान व अन्य मांडणी पूर्ववत करावी. खाजगी संगणकावर 'हा ब्राउझर आपल्या संस्थेकडून नियंत्रित आहे' अशा अर्थाची सूचना दिसली आणि अशी कोणतीही संस्था किंवा ज्ञात प्रोग्रॅम तीमागे नसला, तर कोणीतरी वर सांगितलेल्या धोरणाच्याच साधनाचा दुरुपयोग केला असण्याचा संभव असतो. अशा वेळी धोरणाची नोंद काढल्यावाचून पुरवणी हटत नाही. संरक्षणाचे साधन आणि आक्रमणाचे साधन येथे एकच असल्यामुळे धोरण कोणी व केव्हा लावले याची लेखी नोंद ठेवणे अगत्याचे आहे.

या उपायांनीही एक वाट बंद होत नाही. 'द ग्रेट सस्पेंडर' नावाची एक लोकप्रिय पुरवणी २०२० मध्ये मूळ कर्त्याने दुसऱ्याच्या हाती दिली. पुढे तीत घातक भाग असल्याचे आढळून २०२१ च्या फेब्रुवारीत गूगलने ती भांडारातून काढली. तिच्या वापरकर्त्यांनी होकार दिलेला होता, समजूनही दिलेला होता. पण तो एकास दिला आणि उपभोगला दुसऱ्याने. पुरवणीने नवा अधिकार मागितला तर क्रोम तिला थांबवून पुन्हा विचारतो. जुन्याच अधिकारांत राहून ती बदलली तर विचारीत नाही. म्हणून अनुमत यादी एकदा करून भागत नाही. तीतील प्रत्येक पुरवणीची गरज ठराविक काळाने पुन्हा तपासली पाहिजे, आणि गरज संपलेली पुरवणी काढून टाकली पाहिजे.

भाषेच्या अभ्यासकांकडे यातून एक काम येते. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने प्रशासनाची मराठी परिभाषा सिद्ध केली. संमतीच्या पडद्यावरील मराठी मात्र अद्याप शब्दास शब्द ठेवून केलेली दिसते. परवानगी, अनुमती, संमती व मान्यता यांतील भेद सांभाळून, नकारास 'रद्द करा' न म्हणता 'नको' म्हणून, आणि 'ही पुरवणी आपण टंकलेले सर्व काही वाचू शकेल' असे सरळ वाक्य लिहून सूचना तयार करणे हे अवघड नाही. चालकाने ते वाक्य समोर बसलेल्या शेतकऱ्यास वाचून दाखविले, तर त्यास 'बसू देत नाही' असे म्हणता येईल. तसे म्हणण्याची सोय असेल, तेव्हाच त्याच्या होकारास परवानगी हे नाव शोभेल.